ब्रिकेटच्या भट्टीत टेंपरेचर गन कुठे रोखावी

पांढरा कोळसा (शेतातला काडीकचरा दाबून केलेले ब्रिकेट) नीट जळतोय का हे बघायला बरेच फायरमन गन सरळ ज्वाळेवर धरतात. आकडा कमी आला की दोष मालावर येतो. पण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता-किरणं टिपणाऱ्या नेहमीच्या गनला ज्वाळ बरीचशी आरपार दिसते. येणारा आकडा काजळी, गरम वायू आणि मागची भिंत यांची खिचडी असते. तापमान घ्यायचं ते निखाऱ्याचं.

निखारा साधारण ७०० ते १००० अंशांवर असतो, म्हणून ५५० अंशांपर्यंतची स्वस्त गन इथे कामाची नाही. गनवरची इमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती चांगली उष्णता फेकतो त्याचा आकडा) ०.९५ ठेवा. निखाऱ्यावर राखेचा थर असेल तर तो आतल्यापेक्षा थंड असतो. सळईने झाडून लगेच मोजा. १२:१ ची (अंतराच्या बाराव्या भागाएवढा गोल मोजणारी) गन ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरचा गोल बघते, ९० मिलिमीटरच्या ब्रिकेटवर तो नीट बसतो. दीड मीटरवर गेलात की गोल साडेबारा सेंटिमीटरचा होतो आणि शेजारची राखही मोजली जाते. लेझरचा ठिपका फक्त नेम धरायला.

काचेतून मोजू नका, काचेचंच तापमान येईल. दार उघडण्याआधी आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) ओढतोय याची खात्री करा, बाजूला उभे राहा आणि दोन-तीन सेकंदांत गन मागे घ्या. गन तापली की आकडे भरकटतात.

नुकत्याच टाकलेल्या ब्रिकेटचा आकडा मात्र विश्वासाचा नाही. भट्टी १००० अंशांवर असताना जेमतेम १०० अंशांचा ब्रिकेट १८० च्या आसपास दिसू शकतो, कारण भिंतीची उष्णता त्याच्यावरून परावर्तित होऊन गनमध्ये शिरते. ओलावा गनने ठरवायच्या भानगडीत पडू नका. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा.

खरा उपयोग तुलनेत आहे. जाळीवर डावी, मधली, उजवी अशा ठरलेल्या जागी, दर पाळीला एकाच वेळी मोजा. एक बाजू सतत १५०–२०० अंशांनी थंड असेल तर तिथे थर जाड झालाय किंवा जाळीची भोकं राखेने बुजलीत. कुटार किंवा पाचटाच्या ब्रिकेटमध्ये पोटॅश जास्त. निखारे ९०० च्या वर राहू लागले की क्लिंकर (वितळून घट्ट झालेल्या राखेचे गोळे) धरतो. अशा वेळी जाळीखालची हवा थोडी कमी करून वरची वाढवा. प्रत्येक आकड्याशेजारी एफडी डॅम्पर (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याची झडप) किती उघडा होता तेही लिहा, नाहीतर दोन दिवसांचे आकडे ताडून बघता येणार नाहीत.