इंग्रजीचा हरवलेला ‘ला’

परळच्या एका रात्रशाळेत मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं. दिवसभर राबून संध्याकाळी सातला वर्गात येणारी मुलं. त्यांच्या वह्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडायचं: ‘सर एक्सप्लेन्ड मी द सम.’ मी लाल शाईने मध्ये ‘टू’ घालायचे आणि पुढच्या वहीकडे वळायचे. एका मुलीने एकदा उभं राहून विचारलं, “बाई, ‘गिव्ह मी’ चालतं, ‘टेल मी’ चालतं, ‘शो मी’ चालतं. मग ‘एक्सप्लेन मी’ का नाही चालत?” ‘तशी पद्धत नाही’ यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला जवळपास हजार वर्षं मागे जावं लागतं.

दोन कर्मं घेणारं क्रियापद आपल्याला नवं नाही. ‘आजी नातीला गोष्ट सांगते.’ काय सांगते? गोष्ट. कुणाला? नातीला. शाळेत आपण पहिल्याला प्रत्यक्ष कर्म म्हणतो, दुसऱ्याला अप्रत्यक्ष. ‘द्विकर्मक’ हा शब्दच संस्कृत व्याकरणाच्या परंपरेतून आपल्याकडे आला. ज्याला द्यायचं त्याला पाणिनीने ‘संप्रदान’ म्हटलं आणि त्यासाठी चतुर्थी सांगितली. त्याशिवाय दोन्ही कर्मं द्वितीयेत ठेवणाऱ्या धातूंचीही सोय केली. परंपरेने त्यांची यादी सोळा धातूंची मानली: दुह्, याच्, प्रच्छ्, नी वगैरे. ‘गां दोग्धि पयः’ म्हणजे गाईचं दूध काढतो, पण संस्कृतात गाय आणि दूध दोन्ही द्वितीयेत. भाषांनी हा प्रश्न किती निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवला आहे, ते पाहिलं की इंग्रजीचा हट्टही समजू लागतो.

जुनी इंग्रजी, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतची, मराठीसारखी विभक्तीची भाषा होती. राजा म्हणजे ‘क्युनिंग’. ‘राजाला पाहिलं’ असं म्हणताना ‘थोने क्युनिंग’, पण ‘राजाला दिलं’ म्हणताना ‘थॅम क्युनिंगे’. शब्दाच्या शेवटचा छोटा ‘ए’ आणि आधी येणाऱ्या उपपदाचं (आजच्या ‘द’च्या पूर्वजाचं) रूप मिळून आपल्या ‘ला’चं काम करत. कोण घेणारा हे शब्दाच्या रूपावरूनच कळत असल्यामुळे क्रम सैल होता. आधी वस्तू, मग माणूस, किंवा आधी माणूस, मग वस्तू, दोन्ही चालत. ‘पुस्तक मला दे’, ‘मला पुस्तक दे’ हे आपण आजही किती सहज म्हणतो!

मग हे प्रत्यय झिजले. जर्मन कुळातल्या भाषांमध्ये आघात शब्दाच्या सुरुवातीवर पडतो, त्यामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले. ‘उम’, ‘अन’, ‘ए’ ही वेगवेगळी टोकं हळूहळू एकाच अस्पष्ट स्वरात विरघळली. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातून आलेली माणसं वसली होती. त्यांची आणि स्थानिकांची बोली मुळात जवळची होती, फरक मुख्यतः टोकांचाच, आणि त्यानेही झीज वाढली असं बरेच अभ्यासक मानतात. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा ही पडझड सुरू झालेली होती. त्यानंतर दरबार आणि कायद्याचा कारभार फ्रेंच-लॅटिनमध्ये गेला, आणि लिखित इंग्रजीला जुन्या रूपांना धरून ठेवणारा आधार उरला नाही.

सर्वनामांमध्ये मात्र जुनी खूण राहिली. ‘हिम’ हे रूप मूळचं चतुर्थीचं; द्वितीयेचं रूप ‘हिने’ होतं. पुढे ‘हिने’ प्रमाण भाषेतून गेलं आणि ‘हिम’ दोन्ही कामं करू लागलं. ‘हूम’ही मूळचं चतुर्थीचंच. म्हणजे कुणी ‘आय सॉ हिम’ म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ‘त्याला’चंच रूप वापरत असतो. मराठीतही अगदी हेच झालंय. शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही रांगांसमोर ‘स, ला, ते’ आणि ‘स, ला, ना, ते’ हेच प्रत्यय लिहिलेले असतात. दोन्ही भाषांमध्ये या विभक्ती एकमेकींत मिसळल्या. आपल्याकडे प्रत्यय उरला. इंग्रजीत नामांवरून तोही गेला.

प्रत्यय गेल्यावर घेणारा ओळखायचा कसा? इंग्रजीने दोन वाटा धरल्या. पहिली क्रमाची: क्रियापदानंतर आधी माणूस, मग वस्तू. ‘गिव्ह मी द बुक.’ दुसरी अव्ययाची: माणसाआधी ‘टू’ लावायचा. ‘टू’ हा पूर्वी मुख्यतः दिशेचा शब्द होता, अमुक गावाकडे जाणं वगैरे. मध्ययुगीन इंग्रजीत तो घेणाऱ्या माणसाआधीही सर्रास येऊ लागला. फ्रेंचमध्ये माणसाआधी ‘आ’ हे अव्यय लागतं. इंग्लंडमध्ये शेजारी दोन-तीनशे वर्षं फ्रेंच बोलली जात असताना या सवयीने ‘टू’ला बळ दिलं असावं. जुन्या मोकळ्या क्रमाचा अवशेष वायव्य इंग्लंडच्या बोलींमध्ये अजून ऐकू येतो: ‘गिव्ह इट मी.’ आपल्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी तेही लाल केलं असतं.

आता त्या मुलीचा प्रश्न. गिव्ह, टेल, सेंड, शो, लेंड, टीच हे इंग्रजीच्या घरचे, छोटे शब्द. त्यांनी क्रमाची जुनी वाट सोडली नाही. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, डोनेट हे लॅटिनच्या शिदोरीतून आले, काही फ्रेंचच्या वाटेने. ते आले तेव्हा ‘टू’ची सोय तयार होती, आणि ते तिथेच रुजले. हा नियम काटेकोर नाही, कल आहे. ‘प्रॉमिस’ आणि ‘पे’ बाहेरून आले, तरी त्यांना दोन कर्मं चालतात. त्यांचा आघात पहिल्या अक्षरावर असल्यामुळे ते कानाला घरच्यासारखे वाटतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. उलट ‘से’ पक्का घरचा, तरी ‘से मी’ चालत नाही. मुंबईत ‘सजेस्ट मी अ गुड डॉक्टर’ रोज ऐकू येतं, कारण आपला ‘ला’ हे मूळ पाहतच नाही. ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘मला सुचव’: मराठीला तिन्ही सारखे.

‘ला’ची व्याप्ती इंग्रजीपेक्षा मोठी आहे, हे दुसऱ्या बाजूनेही दिसतं. ‘दादरला पार्सल पाठवलं’ आणि ‘मावशीला पार्सल पाठवलं’ यांत आपण फरक करत नाही. इंग्रजीत ‘सेंट मावशी अ पार्सल’ चालतं, पण ‘सेंट दादर अ पार्सल’ म्हटलं की दादर म्हणजे तिथलं ऑफिस असंच वाटतं. क्रमाच्या वाटेला वस्तू स्वीकारणारं कुणीतरी हवं असतं. नुसतं ठिकाण पुरत नाही. आपलीही एक अडचण आहे. ‘बाळाला आईला दिलं’ असे दोन ‘ला’ आपण टाळतो आणि ‘बाळाला आईकडे दिलं’ म्हणतो. तिथे ‘कडे’ नेमकं ‘टू’चं काम करतो.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण मुंबईत प्रसिद्ध झालं. त्याच काळात या शहरात इंग्रजी शिक्षण पसरत होतं, आणि तेव्हापासून इथली मुलं दोन व्याकरणं शेजारी ठेवून शिकत आली. वर्गात हे शेजारपण कुणी नीट उलगडून दाखवत नाही, याची मला आजही हळहळ वाटते. शेक्सपिअरच्या काळातलं ‘मीथिंक्स’ फळ्यावर लिहा आणि खाली ‘मला वाटतं’ लिहा. ते ‘मी’ म्हणजे ‘मला’च, आणि ‘थिंक्स’चं मूळ ‘वाटणे’ या अर्थाच्या निराळ्या जुन्या धातूत आहे. ‘लाइक’ही पूर्वी असाच चालायचा: ‘ते मला आवडतं.’ आवडणारी वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. पुढे प्रत्यय गेले, वाक्याच्या सुरुवातीचं नाम म्हणजे कर्ता अशी सवय पक्की झाली, आणि ‘मला’चा ‘आय’ झाला.

क्रमाची वाट मात्र अजून चालू आहे. फॅक्स आला तेव्हा ‘फॅक्स मी द फॉर्म’, मग ‘मेल मी द फाइल’. आता लोकलमध्ये शेजारी उभी असलेली मुलगी फोनवर सांगते, ‘व्हॉट्सअॅप मी द अ‍ॅड्रेस.’ त्यात ‘टू’ कुणी घालत नाही.