पोपच्या फर्मानापासून एक-चौदाच्या उताऱ्यापर्यंत

गोव्यातल्या काणकोण, सांगे आणि केपे तालुक्यांतल्या वनहक्क दाव्यांचा, म्हणजे जंगलात कसलेल्या जमिनीवरच्या हक्काच्या मागण्यांचा, विषय निघाला की तो बहुधा सर्व्हे नकाशा आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-वहिवाटीची सरकारी नोंद) यांच्यापाशी येऊन अडतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर नाव नाही, म्हणून कसणारा अतिक्रमक कसा ठरतो, हे समजून घ्यायचे तर १४५५ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती मुलूख जिंकून ताब्यात ठेवण्याची मुभा देणारे फर्मान काढले. ‘शोधील त्याची मालकी’ हे तत्त्व अशाच फर्मानांतून घडत गेले आणि त्याच्याच आधारे १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क मान्य करून मालकी मात्र नाकारली. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क गोव्यात उतरला, तेव्हा त्याच्या पाठीशीही हीच मुभा होती. व्हॅटिकनने या तत्त्वापासून फारकत घेतली ती थेट मार्च २०२३ मध्ये.

गोव्यातली जमीन बेवारस आहे, असे म्हणण्याची सोय पोर्तुगिजांना नव्हती, कारण इथे गावाची जमीन सामाईक सांभाळणारी गावकरी संस्था आधीपासून नांदत होती. १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवले गेले. गावडा आणि कुणबी हेच इथल्या भूमीचे पहिले कसणारे, असे अनेक अभ्यासक मानतात; तरी दप्तरात नावे राहिली ती प्रामुख्याने गावकारांची, म्हणजे या संस्थेच्या सभासदांची, आणि पहिल्या कसणाऱ्यांपैकी कितीतरी जण भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत घर करून राहणारे मुंडकार होऊन बसले. दक्षिणेकडचे डोंगराळ तालुके अठराव्या शतकात, नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखाबरोबर, पोर्तुगीज अमलाखाली आले. तिथे वेळीप आणि गावडा कुटुंबे कुमेरी, म्हणजे फिरती शेती, करीत. डोंगरउतारावरची झुडपे तोडून, जाळून त्या राखेत नाचणी पेरायची आणि मग ती जागा काही वर्षे पडीक ठेवायची. वनखात्याच्या लेखी ती पडीक जागा म्हणजे जंगल, कसणाऱ्याच्या लेखी विश्रांती घेत असलेले शेत. माझ्या मते पुढच्या बहुतेक तंट्यांचे मूळ या एका फरकात आहे.

जगाच्या व्यासपीठावर हा प्रश्न फार उशिरा पोहोचला. कॅनडातल्या इरोक्वॉय लोकांचा प्रतिनिधी देस्काहे १९२३ मध्ये गाऱ्हाणे घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या दारी गेला, पण त्याला आत बोलू दिले गेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा करार भारताने स्वीकारला, मात्र त्याचा रोख आदिवासींना मुख्य समाजात विलीन करण्यावर होता. ती चूक सुधारणारा १९८९ चा करार भारताने आजवर स्वीकारलेला नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांचा मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड होते. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय ‘मूळनिवासी’ आहेत, अशी पुस्ती जोडून. सगळेच मूळनिवासी म्हटले की कोणालाच वेगळे काही द्यावे लागत नाही, ही या भूमिकेतली सोय.

भारतात म्हणूनच सारे काही अनुसूचीत, म्हणजे अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत, नाव आहे की नाही यावर ठरते. १९६८ च्या आदेशात गोवा, दमण आणि दीवसाठी धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली या पाच जमाती होत्या; गावडा, कुणबी आणि वेळीप यांची नावे त्यात आली ती २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे १,४९,२७५ लोक, म्हणजे लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडे अधिक, नोंदले गेले. त्याच वर्षी २५ मे रोजी बाळ्ळी इथल्या, आदिवासींच्या मागण्यांसाठीच्या आंदोलनात दोन तरुण कार्यकर्त्यांचा जीव गेला. चाळीस जागांच्या विधानसभेत या समाजांसाठी राखीव जागांची वाट मोकळी करणारे विधेयक संसदेत संमत व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला.

धनगर गवळी समाज अजूनही अनुसूचीबाहेर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतरांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. या कायद्याच्या नियमांत उताऱ्याखेरीज विहीर, दफनभूमी, देवस्थान आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हेही पुरावे म्हणून चालतात. वनहक्क समितीसमोर एखादी म्हातारी धालोचा मांड, म्हणजे बायकांच्या धालो या लोकनृत्याची ठरलेली जागा, कुठे होता ते सांगते, आणि ते लिहून घेतले जाते.