खाणपट्ट्यातील जुने ट्रक आणि कॉम्प्रेशनची तपासणी : पार्श्वभूमी

साखळी, उसगाव, सावर्डे, कुडचडे या गोव्याच्या खाणपट्ट्यातील गॅरेजांत इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो तो दाब) तपासणे म्हणजे, फार काळ, झीज किती झाली हे मोजणे एवढेच होते. २०१२च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. पुढे २०१८ साली न्यायालयाने ८८ खाण-परवान्यांचे (लीजचे) नूतनीकरण रद्द केले. जेटीपर्यंत (नदीवरील धक्क्यापर्यंत) खनिज वाहणारे टिपर ट्रक त्यामुळे अंगणात आणि रस्त्याकडेला उभे राहिले, आणि इंजिन किती चालले याऐवजी ते किती दिवस उभे होते, हे दाब मोजणाऱ्या गेजवरून ओळखण्याची पाळी आली.

मुळात डिझेल इंजिनाच्या बाबतीत दाबाला एवढे महत्त्व येण्याचे कारण उघड आहे. या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. सिलिंडरमधील दाब नोंदवणारे इंडिकेटर हे उपकरण जेम्स वॉटच्या काळापासून वाफेच्या इंजिनावर वापरात होते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली आउग्सबर्ग येथे आपल्या पहिल्या नमुन्यात इंधन पेटवले, तेव्हा दाबाने हे इंडिकेटरच फुटले. १८९७च्या चाचणीत मात्र त्यांच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवली.

भारतात टेल्को (पुढची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा ट्रक बनवण्याचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत चालला. त्या परंपरेतून आलेल्या टाटा ६९२ आणि ६९७ या इंजिनांच्या आकड्यांतच माप दडलेले आहे : सहा सिलिंडर, आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) अनुक्रमे ९२ व ९७ मिलिमीटर. ६९७चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १२८ मिलिमीटर असल्यामुळे त्याची एकूण क्षमता ५.७ लिटरच्या आसपास येते.

गेज हाताशी नसे तेव्हा मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (इंधन फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करीत. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो काम करीत नाही असे समजावे. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर नळीतून येणारा धूर पाहणे हाही याच प्रकारातला अंदाज. या पद्धतीत दुबळा सिलिंडर सापडतो. पण दोष नोझलचा, पंपाचा की पिस्टनवरच्या रिंगांचा, हे कळत नाही. म्हणून इंजिन गरम करून, नोझल काढून त्याच्या जागी गेजची डमी (नोझलच्या आकाराची जोडनळी) बसवायची, इंधन बंद ठेवायचे आणि चांगल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवून गेज वाचायचे, ही रीत रुळली. बॅटरी मंद असेल तर सहाही आकडे खोटे पडतात. एरवीही नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधील फरकच अधिक बोलका असतो, असे माझे मत आहे.

पेट्रोल इंजिनावरून आलेली, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा दाब पाहण्याची (दाब वाढला तर दोष रिंगांचा, असे समजण्याची) युक्ती येथे जपून वापरावी लागते. ६९७च्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ९४६ घनसेंटिमीटर. कॉम्प्रेशनचे प्रमाण १७ धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ६० घनसेंटिमीटर भरते. तेथे दोन चमचे, म्हणजे दहाएक घनसेंटिमीटर ऑइल गेले, की रिंगा कशाही असोत, ते प्रमाणच विसाच्या वर जाते आणि गेज उगाच चढते.

चालत्या ट्रकांना खनिजाची तांबडी धूळ भोवत असे. एअर क्लीनरमधील ऑइल वेळेवर बदलले नाही किंवा त्याचा होज फाटला, की ती धूळ लाइनर (सिलिंडरचे आतले अस्तर) घासून काढी, आणि बहुतेकदा सहाही सिलिंडरचे आकडे थोड्याफार फरकाने एकत्र उतरत. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडले, तर संशय हेड गास्केटवर (सिलिंडर आणि वरचे हेड यांच्यामधील सीलवर) जाई. उभ्या ट्रकाची कथा निराळी. इंजिन थांबते तेव्हा काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडेच राहतात. सायलेन्सरमार्गे आलेली पावसाळी दमट हवा नेमकी तेथे शिरते, लाइनरवर गंज धरतो आणि रिंगा खाचेत चिकटतात. म्हणून अशा इंजिनात चार सिलिंडर ठणठणीत आणि एखाददुसरा अगदी खाली, असे चित्र दिसते. चिकटलेल्या रिंगा कधी इंजिन काही तास चालल्यावर सुटतातही. त्यामुळे पहिल्याच आकड्यावरून हाफ इंजिनाचे (रिंगा-लाइनर बदलण्याचे) काम काढणाऱ्या मिस्त्रीपेक्षा, ऑइल बदलून, गाडी थोडी चालवून पुन्हा गेज लावणारा मिस्त्री मालकाच्या फायद्याचा ठरतो.