टपकणारा माठ आणि पाझरणारा माठ : 'ड्रिप' या शब्दामागचे विज्ञान

एप्रिल सरता सरता नागपूरचा पारा ४४ अंशांच्या पुढे जाऊ लागला, की 'ड्रिप' हा इंग्रजी शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी सारख्याच काळजीने उच्चारला जाऊ लागतो. उन्हाचा तडाखा बसलेल्या रुग्णाला दवाखान्यात ड्रिप लावतात, आणि तिकडे काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यातला संत्रा बागायतदार आज ड्रिप किती तास चालली याचा हिशेब करीत असतो. शब्दकोशात हा शब्द पाहिला, तर त्याच्या शेजारी ड्रॉप, ट्रिकल, सीप, ऊझ, लीक असे शब्द समानार्थी म्हणून मांडलेले आढळतात आणि मराठी बाजूला ठिबकणे, टपकणे, ओघळणे, झिरपणे, पाझरणे, गळणे अशी क्रियापदे दिलेली असतात. परंतु मराठी माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी वापरीत नाही. बाजारातून आणलेला माठ टपकू लागला, तर तो परत करावा लागतो; तोच माठ पाझरत असेल, तर तो चांगला निघाला म्हणून घरातील सर्वांना समाधान वाटते. पाणी दोन्ही माठांतून बाहेर येत असते, मात्र ते ज्या मार्गाने आणि ज्या बलांमुळे बाहेर येते ती बले निराळी असतात. भौतिकशास्त्राने जे भेद बऱ्याच उशिरा सूत्रांत मांडले, ते आपल्या क्रियापदांनी आधीच नीट ओळखून ठेवले होते, असे माझे मत आहे.

आधी टपकण्याचा विचार करू. तोटी जेमतेम उघडी राहिली, की तिच्या तोंडाशी पाणी जमते, फुगते, खाली लोंबते आणि काही क्षण तसेच थांबते. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरीत असल्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. यालाच आपण पृष्ठताण म्हणतो. जोपर्यंत हा ताण लोंबणाऱ्या पाण्याचे वजन पेलू शकतो, तोपर्यंत थेंब पडत नाही. वजन त्यापलीकडे गेले, की थेंबाच्या वर मानेसारखा अरुंद भाग तयार होतो, ही मान क्षणार्धात बारीक होत जाते आणि तुटते. तुटताना त्या मानेचाच एक अगदी लहानसा थेंब मोठ्या थेंबामागून पडतो आणि बरेच पाणी तोटीलाच चिकटून मागे राहते. थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये दाखवून दिले, की पडणाऱ्या थेंबाचे वजन नळीच्या तोंडाच्या व्यासावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असते. हा नियम दिसायला साधा असला, तरी रुग्णाच्या खाटेशेजारी त्याला मोठे मोल आहे.

सलाईनच्या बाटलीखाली जो पारदर्शक कक्ष असतो, त्यातील नळीचे तोंड ठरावीक मापाचे बनविलेले असते. नेहमीच्या संचात २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो, तर लहान मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म संचात त्यासाठी ६० थेंब लागतात. ५०० मिलिलीटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल, तर नेहमीच्या संचातून मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. म्हणूनच परिचारिका घड्याळाकडे पाहत थेंब मोजतात आणि चाक फिरवून वेग जुळवितात. थेंबाचे आकारमान भरवशाचे नसते, तर या मोजणीला काहीच अर्थ उरला नसता. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, त्यामुळे त्याच नळीतून पडणारा अल्कोहोलचा थेंब वजनाने पाण्याच्या थेंबाच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधासाठी वापरू नये, असे जे सांगितले जाते त्यामागचे एक कारण हेच आहे, आणि घरात लहान मूल असेल तर ही सूचना कटाक्षाने पाळली पाहिजे.

द्रव किती घट्ट आहे, म्हणजे त्याची श्यानता किती आहे, यावर थेंब सुटायला लागणारा वेळ अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारखा पिच हा पदार्थ नरसाळ्यात भरला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड मोकळे केले. नववा थेंब पडायला २०१४ साल उजाडले. हातोडीने फुटणारा हा पदार्थही शेवटी टपकतोच.

टपकणे कुठे संपते आणि धार कुठे सुरू होते, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शिवमंदिरात पिंडीवर टांगलेल्या पात्राला आपण गळती म्हणतो. त्या पात्रात पाणी काठोकाठ असताना छिद्रातून धार लागते आणि पातळी उतरत गेली, की धार तुटून थेंब पडू लागतात. मुळात बारीक धार ही अस्थिरच असते, कारण तेवढेच पाणी थेंबांच्या रूपात असले तर त्याचे एकूण पृष्ठफळ कमी होते आणि पृष्ठताणाचा कल नेहमी पृष्ठफळ कमी करण्याकडे असतो. बेल्जियमचे जोसेफ प्लाटो आणि इंग्लंडचे लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला. थेंबांच्या लयीतही एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. नळ हळूहळू उघडत गेलो, तर आरंभी समान अंतराने पडणारे थेंब पुढे आलटून पालटून लांब व आखूड अंतराने पडू लागतात आणि त्यानंतर त्यांत कोणताही ठरावीक क्रम आढळत नाही. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे रॉबर्ट शॉ यांनी अशा गळक्या नळावरच केऑस, म्हणजे ठरावीक नियमांनी चालणाऱ्या गोष्टीतूनच उद्भवणारी अनियमितता, या संकल्पनेचा अभ्यास केला.

गळणे हा शब्द मात्र या मालिकेत थोडा वेगळा आहे, कारण तो पाण्याची चाल सांगत नाही, दोष सांगतो. पावसाळ्यात कवेलू गळतात, तेव्हा पाणी टपकते की ओघळते हे महत्त्वाचे नसते; जिथून यायला नको तिथून ते येते, एवढेच त्या शब्दाला सांगायचे असते. इंग्रजीतील 'लीक'चा अर्थही असाच आहे.

आता पाझरणाऱ्या माठाकडे वळू. भाजलेल्या मातीत असंख्य अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक वाटांत द्रव आपोआप ओढला जात असल्यामुळे, आणि आतील पाण्याच्या दाबामुळे पाणी त्यांतून वाट काढीत बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि तिथून त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते, तिच्याइतकी उष्णता काढून घेतल्यास ५०० ग्रॅमहून अधिक पाणी एका अंशाने थंड होऊ शकते. मे महिन्यातील नागपूरची हवा अत्यंत कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि माठातले पाणी गार राहते. जुलैत दमट हवा आली, की तोच माठ निरुपयोगी वाटू लागतो. कूलरच्या गवतावरून पाणी ओघळते ते याच कामासाठी. सच्छिद्र थरातून पाणी किती वेगाने जाईल याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना त्याने वाळूतून पाणी सोडून प्रयोग केले होते.

संत्र्याच्या बागेत हे सगळे शब्द एकत्र येतात. ठिबक सिंचनाची आधुनिक पद्धत इस्रायलच्या सिम्खा ब्लास यांनी विकसित केली आणि १९६५ मध्ये हातझेरीम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, तिचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले. नळीवरच्या ज्या तोंडातून पाणी ठिबकते तो ड्रीपर म्हणजे केवळ एक बारीक भोक, असा अनेकांचा समज असतो. तसे असते, तर ते कचऱ्याने लगेच बुजले असते. प्रत्यक्षात ड्रीपरच्या आत लांब नागमोडी वाट असते, तिच्यातून जाताना पाण्याचा दाब खर्ची पडतो आणि ताशी दोन, चार किंवा आठ लिटर अशा ठरावीक मापाने ते बाहेर येते. विहिरीच्या पाण्यातील क्षार मात्र या वाटेत साचतात, म्हणून नळ्यांना अधूनमधून आम्लप्रक्रिया करावी लागते.

ठिबकण्याचे काम तिथेच संपते आणि झिरपण्याचे सुरू होते. वाळूमिश्रित हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली उतरते, तर विदर्भातल्या काळ्या, चिकण जमिनीत सूक्ष्म पोकळ्यांचे केशाकर्षण प्रबळ असल्याने ते बाजूंनाही पसरते. त्यामुळे जमीन न पाहता शेजाऱ्याच्या बागेत आहेत तितक्याच अंतरावर ड्रीपर बसविणे चुकीचे ठरते. मुळांना पाणी हवे असते तशीच हवाही लागते, आणि दोन्ही योग्य प्रमाणात असलेल्या जमिनीच्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. इतका नेमका शब्द आपल्या भाषेत आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. पाणी खोडाशी साचून राहिले, तर फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगकारक सूक्ष्मजीव बळावतो, साल कुजते आणि खोडातून डिंक पाझरू लागतो. या रोगाला बागायतदार डिंक्या म्हणतात. ड्रीपर खोडापासून दूर ठेवण्याचे कारण हेच आहे.

राहिला तो टपकण्याचा आवाज. थेंब पाण्यावर आपटल्यामुळे 'टप्' असा आवाज येतो असे आपण समजतो, पण केंब्रिज विद्यापीठातील अनुराग अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेरा व ध्वनिग्राहक वापरून दाखविले, की आपटण्याचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. थेंबामुळे पृष्ठभागावर खळगा पडतो, तो भरून येताना त्याच्या तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, आणि त्या बुडबुड्याच्या कंपनांमुळे पाण्याचा पृष्ठभाग थरथरून आवाज बाहेर पडतो. पृष्ठताण कमी केला, तर हा बुडबुडा तयार होत नाही. रात्री न्हाणीघरातला नळ टपकत असेल आणि दुरुस्ती सकाळशिवाय शक्य नसेल, तर खालच्या बादलीत भांडी घासण्याचा थोडा द्रव साबण टाकावा; थेंब पडत राहतात, आवाज थांबतो.