घरातली बुरशी आणि मुलांचे श्वसनविकार

ओल धरलेल्या भिंती, छत, गाद्या, भिंतीला चिकटून ठेवलेली कपाटं अशा जागी वाढणाऱ्या बुरशीमुळे लहान मुलांना होणारा श्वसनाचा त्रास. घरात बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस, अल्टरनेरिया या प्रजाती सापडतात. बीजाणू हवेत कायमच असतात, पण भिंतीलगतची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५-८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ते रुजतात. भिंतीवर येणारा पांढरा लोणा म्हणजे बुरशी नाही, ते क्षार. मात्र पाणी आत मुरतंय एवढं त्यावरून कळतं.

सगळ्यात जास्त गाजली ती स्टॅकिबॉट्रिस, म्हणजे तथाकथित काळी बुरशी (कोविडच्या काळात आपल्याकडे याच नावाने जो म्युकरमायकोसिस गाजला तो हा नव्हे). कोर्डा या बुरशी-अभ्यासकाने १८३७ मध्ये प्रागमधल्या एका घरातल्या वॉलपेपरवरून तिचं पहिलं वर्णन केलं असं मानतात. १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये बुरसटलेला पेंढा खाऊन घोडे दगावले, तेव्हापासून ती विषारी म्हणून ओळखली जाते. पुढे १९९३-९४ च्या सुमारास अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला, त्यांच्या घरांत पाणी शिरलेलं होतं आणि ही बुरशीही मिळाली, त्यामुळे १९९७ च्या सरकारी अहवालात दोन्हींचा संबंध जोडला गेला आणि तिथून घबराट पसरली ती आजही पूर्ण ओसरलेली नाही. पण सीडीसीनेच (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था, तो अहवालही तिचाच) नेमलेल्या तज्ज्ञांनी तो डेटा परत तपासला आणि मोजमापाच्या व विश्लेषणाच्या पद्धतीत दोष दाखवले, मग २००० साली संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर झालं. मूळ संशोधकांपैकी काहींना हे पटलं नाही. तरी फेरतपासणीचं मतच जास्त ग्राह्य धरावं लागतं. नुसत्या काळ्या रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही हेही इथेच सांगायला हवं.

या वादात मागे पडलेली गोष्ट म्हणजे दमा, आणि तिथला पुरावा खरं तर बराच भक्कम आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल-बुरशीचा खोकला, छातीतली घरघर आणि आधीपासून असलेला दमा बळावणं यांच्याशी संबंध मान्य केला. २००७ च्या एका एकत्रित विश्लेषणात अशा घरांत या तक्रारी साधारण ३० ते ५० टक्के जास्त दिसल्या. दमा नव्याने होतो का, यावर आधी सावध भाषा होती, नंतरचे अभ्यास मात्र 'हो'कडे झुकतात, विशेषतः घरात कुबट वास येत असेल तर. दोष बुरशीचाच की ओलीत वाढणाऱ्या धुळीतल्या किडींचा, बॅक्टेरियाचा, हे वेगळं काढणं अवघड, म्हणून अभ्यासक 'ओल आणि बुरशी' असं जोडीनेच लिहितात. मुलांच्या श्वासनलिका अरुंद आणि वजनाच्या मानाने ती हवाही जास्त ओढतात, त्यामुळे आपल्याकडे ज्याला सरसकट बाळदमा म्हणतात त्या तक्रारी ओलसर घरात वाढू शकतात.

मुंबई-कोकणात चार महिने कपडे घरातच वाळतात, स्लॅब गळतो, भिंतीला पोपडे धरतात. वरून रंग मारून उपयोग नाही, गळती थांबवावी लागते आणि भिजलेलं सामान २४ ते ४८ तासांत वाळवावं लागतं. क्लीव्हलँडमध्येच दमा असलेल्या ६२ मुलांवर केलेल्या, २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात घराची ओल दुरुस्त केल्यावर दम्याचे झटके कमी झाले.

कायद्याच्या अंगाने इंग्लंडचं उदाहरण ठळक आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला, आणि घरातल्या बुरशीशी दीर्घ संपर्क हे कारण २०२२ च्या मृत्यूचौकशीत नोंदलं गेलं. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. सामाजिक गृहनिर्माणातल्या (म्हणजे स्थानिक प्रशासन किंवा गृहसंस्था कमी भाड्याने देतात त्या घरांच्या) घरमालकाला तातडीचा धोका २४ तासांत हाताळावा लागतो, तर ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी कामाच्या १० दिवसांत करावी लागते.