गूळ काळा आहे, म्हणून…

"ह्यो जरा काळा दिसतोय की वो."

"काळाच घ्या. काळा म्हंजे बिनकेमिकलचा."

कोल्हापुरात गुळाच्या दुकानात हा संवाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक मान डोलावतं, गूळ पिशवीत जातो. तेवढ्यात एक अख्खा युक्तिवाद होऊन गेलेला असतो, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कुणी उच्चारलेलाच नसतो.

तर्कशास्त्रात युक्तिवाद म्हणजे भांडण नव्हे. जे पटवायचं तो निष्कर्ष, ज्याच्या जोरावर पटवायचं ती आधारविधानं. दुकानदाराचा निष्कर्ष: हा गूळ बिनकेमिकलचा. आधार: तो काळपट आहे. आधार डोळ्यांसमोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथून निष्कर्षापर्यंत पोचायला मध्ये आणखी एक वाक्य लागतं: जो जो गूळ काळपट, तो तो बिनकेमिकलचा. हे झालं गृहीतक. ते खरं आहे का, हे ठरवायला गुऱ्हाळावर जावं लागतं.

उसाचा रस काहिलीत तापू लागला की मळी वर येते. ती नीट सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, आम्लता कमी करायला चुना. रंग पिवळाधमक यावा म्हणून अनेक ठिकाणी 'हायड्रो पावडर', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडते. ती न घातलेला गूळ सहसा गडद उतरतो. इथपर्यंत दुकानदाराचं बरोबर. पण गूळ काळा पडायला इतरही कारणं आहेत. पाक जास्त तापला तर साखर करपून रंग चढतो. चुना जादा झाला तर रस अल्कधर्मी होतो, आणि शर्करा व अमिनो आम्लं यांच्यातली तांबूस-तपकिरी रंग देणारी क्रिया जोर धरते. क्षारपड रानातल्या उसाचा गूळही काळसर निघतो. वर गंमत अशी, की हायड्रोनं आणलेला उजळपणा टिकत नाही. तसा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो. म्हणजे समोरची काळी ढेप चक्क पावडरीचीही असू शकते!

दुकानदारानं खरं तर एक बऱ्यापैकी बरोबर वाक्य उलटं फिरवलं. 'बिनकेमिकलचा गूळ गडद असतो' आणि 'गडद गूळ बिनकेमिकलचा असतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ही फसगत फार पूर्वी हेरली होती. 'डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो' हा त्यांचा ठरलेला दाखला. धुरावरून आग ओळखता येते, आगीवरून धूर मात्र नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, पण धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं, आणि या जादा अटीला त्यांनी 'उपाधी' असं नावही देऊन ठेवलं.

त्यांचं अनुमान पाच अवयवांचं: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण (दाखल्यासकट नियम), उपनय (तो नियम समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). मला यातलं उदाहरण सगळ्यात हुशारीचं वाटतं. 'जिथं जिथं धूर, तिथं तिथं आग, जसं स्वयंपाकघरात' असा नियम दाखल्यासकट मोठ्यानं म्हणावा लागतो. गृहीतक गिळून टाकायची सोय उरत नाही. आपला दुकानदार इथंच अडखळला असता.

गूळ मात्र एवढ्यावर थांबत नाही. बिनकेमिकलचा, म्हणून सेंद्रिय. सेंद्रिय, म्हणून शुगरवाल्यांनाही चालतो! आधीचा निष्कर्ष पुढच्या पायरीचा आधार होतो. सेंद्रियपणा उसाच्या रानात ठरतो, हायड्रोचा प्रश्न काहिलीत, आणि गूळ काळा असो की पिवळा, त्यात मुख्यतः साखरच असते. तरी ही साखळी बिनबोभाट चालते, कारण प्रत्येक 'म्हणून'पाशी थांबायला कुणाला सवड नसते.

रोजच्या आयुष्यात अपवाद नसलेला नियम क्वचितच सापडतो. म्हणून ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जरा ऐसपैस मांडणी केली. दावा आणि आधार आहेतच. त्यांना जोडणारा दुवा, दुव्याचं पाठबळ, दाव्याची खात्री किती, आणि तो कधी लागू नाही, हेही त्यांनी वेगळं मांडायला लावलं.

पावसाळ्यात कोल्हापूरकर हे आपसूक करतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले (आधार), म्हणजे पंचगंगेचं पाणी बहुधा चढणार (दावा). दुवा असा, की राधानगरी धरण भोगावतीवर आहे आणि भोगावती पंचगंगेला मिळते. पाठबळ म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी घेतलेल्या पाणीपातळीच्या नोंदी, जिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. 'बहुधा' हा शब्द फुकटचा नाही. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशीही येतात, आणि त्यांच्या खोऱ्यांत पाऊस ओसरला असेल तर राधानगरीतून सुटलेलं पाणी नदीत सामावूनही जाईल. दरवाजे उघडल्याची बातमी ऐकून "गगनबावड्याकडं पाऊस कसा हाय?" असं जो विचारतो, तो हा अपवाद तपासत असतो. कुंभी तिकडूनच येते.