मंगळागौरीचे खेळ

मंगळागौरीचे खेळ : श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौरीची पूजा झाल्यावर रात्रीच्या जागरणात बायकांनी खेळायचे खेळ. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडे, आगोटे-पागोटे, लाट्या, किस बाई किस, सूप नाचवणे अशी त्यांची यादी लांबत जाते. शंभरावर प्रकार सांगितले जातात, पण त्यांतले पुष्कळसे एकाच खेळाचे गावोगावचे अवतार आहेत. व्रताची माहिती कुठल्याही पंचांगाच्या पुस्तकात मिळते. या नोंदीचा रोख खेळांवर आणि बाईच्या प्रकृतीशी असलेल्या त्यांच्या नात्यावर आहे. लग्न झालेल्या बाईने निव्वळ खेळण्यासाठी रात्र जागवावी, याला घरादाराची राजरोस परवानगी असलेले प्रसंग आपल्याकडे मोजकेच, आणि त्यांत हा सर्वांत ठसठशीत.

परंपरा : लग्नानंतरची पहिली पाच वर्षे हे व्रत करतात. पहिली मंगळागौर बहुधा माहेरी होते, पुढच्या सासरी. नव्या नवरीसोबत पूजेला बसण्यासाठी आणखी नवविवाहित मुलींना बोलावतात, त्या वसोळ्या. सकाळी पत्रीने आणि फुलांनी पूजा, दुपारी मुक्याने जेवण, संध्याकाळी हळदीकुंकू, मग खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा असा क्रम असतो.

एकोणिसाव्या शतकात ही ‘नवी नवरी’ अनेकदा आठ-दहा वर्षांची असे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या खेळांचे मोल कळत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, तीही शरीरसंबंधापुरती. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली आला. सागरगोटे हातात असतानाच मुलगी सासरी जाई आणि त्या दिवसापासून पळणे, उड्या मारणे, मोठ्याने हसणे संपे. श्रावणातल्या त्या रात्री मात्र घरातल्या जाणत्या बायकाच पदर खोचून माजघरात उभ्या राहत आणि पोरींना फुगडीला ओढत. खेळ थांबवणारे घर वर्षातून एकदा स्वतःच तो परत करी, तेही देवीच्या नावाने.

मंगळागौर मुख्यतः ब्राह्मण आणि काही पांढरपेशा घरांतली. खेळ मात्र त्यांच्या मालकीचे नव्हेत. नागपंचमीचे फेर आणि झोके, कोकणात गणपती-गौरीपुढच्या फुगड्या, पश्चिम महाराष्ट्रातला आश्विनातला हादगा-भोंडला, खानदेश-विदर्भातली भुलाबाई, गोव्यात चवथीची फुगडी आणि पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर (गावाच्या ठरलेल्या पवित्र अंगणात) रंगणारे धालो हा सगळा एकच गोतावळा आहे. चित्पावन घरांत आश्विन शुद्ध अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात, तेही याच जातीचे. बहुतेकांची वेळ शेतीच्या कामाला जरा उसंत मिळते तेव्हाची आहे.

खेळांचे स्वरूप : फुगडीत दोघी समोरासमोर पावले जुळवून उभ्या राहतात, हातांची अढी घालून एकमेकींचे पंजे घट्ट धरतात, कोपर ताठ करून अंग मागे टाकतात आणि पावले जागच्या जागी चटचट टाकत गरगर फिरतात. वेग वाढला की तोंडाने ‘फू फू’ असा पकवा घालतात. एकीचे वजन दुसरी पेलत असते. एकीने कोपर वाकवले, की फेरा बिघडतो. दोघींच्या वजनात फार फरक असेल तर फिरण्याचा आस जड बाईकडे सरकतो आणि हलकीला मोठा फेरा घ्यावा लागतो; म्हणून मुरलेल्या खेळाडू जोडीदारीण पारखून घेतात. दंड फुगडीत पंजांऐवजी दंड धरायचे. बसफुगडी उकिडवे बसून, एकेक पाय पुढे फेकत, उड्या मारत खेळतात. ती पाच-सात मिनिटे चालली तर मांड्या दुसऱ्या दिवशीही आठवण करून देतात. कोंबडाही तसाच, उकिडव्या उड्यांचा.

झिम्मा हा टाळ्यांचा. वाकून, ताठ होऊन, वळून, कधी करवंट्या वाजवत गोलात फिरायचे आणि पुढच्या टाळीला समोर कोण येणार याचे भान ठेवायचे. गाठोडे करताना अंगाची घडी घालून लोळावे लागते. यांखेरीज एक वर्ग नुसत्या सोंगाचा आहे : सासू-सुनेचे भांडण, सवतीसवतीचे भांडण. दोन तट समोरासमोर उभे राहून ठेक्यात एकमेकींची उणीदुणी काढतात.

शरीर आणि प्रकृती : गिरकीत कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव हलतो आणि मेंदूला शरीराच्या फिरण्याची खबर जाते. थांबल्यावरही तो द्रव क्षणभर फिरतच राहतो, म्हणून घर गरगरते. डोळे, कान आणि तळपाय यांच्याकडून येणाऱ्या खबरांचा मेळ घालण्याचा सराव हेच तोल सांभाळण्याचे शिक्षण. उतारवयात पडणे टाळायचे तर नेमके हेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवतात. पासष्टीपुढच्यांनी त्यात तोल आणि ताकद दोन्ही कमावणारे मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत असे सांगतात. फुगडी, झिम्मा, कोंबडा आळीपाळीने खेळणारीला हे मिश्रण आयते मिळते. उड्यांनी आणि वजन पेलण्याने हाडांना जो ताण बसतो, तो पाळी गेल्यानंतर झिजू लागणाऱ्या हाडांना हवाच असतो. अर्थात वर्षातून एक रात्र खेळून यातले काही पदरात पडत नाही. खरा लाभ तालमीचा आहे.

याची गरज किती, ते आकड्यांवरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. घरकामाने बाई दमते खरी, पण त्यात वेगाने श्वास लागण्याचे, तोल पणाला लागण्याचे क्षण थोडे आणि आपल्या मर्जीने थांबण्याचे त्याहून थोडे. ‘दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा बसफुगडी घालून बघावी.

खेळ आणि व्यायाम यांतला फरक दाखवणारा पुरावा परदेशातला आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन यांचा संबंध स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी आढळला. शारीरिक हालचालींपैकी तसा संबंध फक्त नृत्यात दिसला. ताल धरायचा, पुढची चाल लक्षात ठेवायची आणि जोडीदाराकडे बघून स्वतःला सावरायचे, ही कामे झिम्म्यातही एकाच वेळी करावी लागतात. कोपनहेगनच्या साडेआठ हजारांवर रहिवाशांचा सुमारे २५ वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. बैठी राहणी असलेल्यांपेक्षा टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षे, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षे, तर एकटे धावणारे ३.२ वर्षे अधिक जगल्याचे त्यात दिसले. सोबतीने खेळण्याचा हा गुण असावा असा संशोधकांचा तर्क होता. मात्र असले अभ्यास निरीक्षणाचे असतात. टेनिस परवडणारा माणूस मुळातच सुस्थितीतला असू शकतो, तेव्हा सगळी वर्षे रॅकेटच्या खात्यावर मांडू नयेत.

मन : भांडणाच्या सोंगांकडे करमणूक म्हणून बघून पुढे जाण्याची रीत आहे, आणि ती उथळ आहे. ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ साली मांडलेला एक विचार इथे चपखल बसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटुची झटापट बघून त्याने म्हटले, की ‘हा खेळ आहे’ असा इशारा दोघांनाही उमगतो, म्हणूनच चावा घेऊनही चावल्याचा अर्थ निघत नाही. मंगळागौरीच्या रिंगणात सून सासूच्या तोंडावर सासूचे वाभाडे काढते, सासू टाळ्या पिटते आणि तीच पुढच्या फेरीत सुनेची नक्कल करते. एरवी जे बोलले तर घर फुटले असते, ते इथे हशावारी निघते. यातून सासुरवास संपला, असे कोणी म्हणू नये. वाफ निघून गेल्याने तो टिकलाही असेल. पण मनातले बोलायला जागाच नसणाऱ्या बाईच्या दृष्टीने एवढी फटही लहान नव्हती.

मोठी उणीव पूजेच्या घडणीतच आहे. व्रत सौभाग्याचे, म्हणून नवरा गेला की बाईचा खेळही गेला. बालविवाहाच्या काळात दहा-बारा वर्षांच्या मुलीही यात सापडत. खेळाची सर्वांत जास्त गरज जिला, तीच आत अंधारात बसे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने १९८९ मध्ये मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य केला आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. प्रौढांसाठी मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत आहे, खेळाचा शब्द नाही.

सद्यस्थिती : पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक इथे ‘मंगळागौर ग्रुप’ सुपारी घेऊन खेळ करतात. नऊवारी, नथ, माइक, तीन तासांचे पॅकेज. यजमानीण आणि पाहुण्या खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करतात. म्हणजे खर्च एकीचा आणि व्यायाम दुसरीचा. मात्र ग्रुपच्या आतून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. तिथे पन्नाशी-साठीच्या, बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या बायका आठवड्याला तालमी करतात, आषाढापासून दम वाढवतात, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात. पुष्कळ गटांत विधवा, घटस्फोटित आणि अविवाहित स्त्रियाही असतात. परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांत तारखेपेक्षा सोय पाहून शनिवार-रविवारी खेळ होतात आणि तिथे प्रेक्षकही लवकर रिंगणात उतरतात.

दक्षता : जुने खेळ सारवलेल्या जमिनीवर, अनवाणी होत. आजच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून फुगडी खेळणे हे पडण्याला आमंत्रण. काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात किंवा वर सारून बांधाव्यात, बोटांतल्या अंगठ्याही उतरवाव्यात. फुगडीत हात एकदम सोडले तर दोघी मागे, डोक्यावर आपटतात. वेग हळूहळू उतरवून, अंग सरळ करून मगच पकड सोडायची आणि चार क्षण तसेच उभे राहायचे. गरोदर स्त्रियांनी आणि भोवळीचा आजार किंवा हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी गिरक्या व उड्या वर्ज्य कराव्यात. गुडघे झिजलेल्यांनी कोंबडा आणि बसफुगडी सोडून उभ्याने झिम्मा खेळावा. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारून तालीम सुरू करावी. उपवासाच्या पोटी रात्री उशिरापर्यंत खेळणे धडधाकट बाईलाही घेरी आणते.